पवित्रपण बाहेरून ओळखता येतं का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. तुमचं सदर मी नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. आमच्या मंडळीत मध्यंतरी एक पाहुणे वक्ते येऊन गेले, ते म्हणाले की पवित्र आत्म्याने भरलेला माणूस पाच मिनिटांत ओळखू येतो, चेहऱ्यावरून, बोलण्यावरून, कपड्यांवरून. तेव्हापासून सगळे एकमेकांकडे त्याच नजरेने बघायला लागलेत. कुणाच्या अंगावर सोनं आहे, कोण प्रार्थनेत रडतं, कोण हात वर करतं, कोण उपास करतं. आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात की हे सगळं चूक आहे, पवित्रता ही हृदयातली गोष्ट आहे, ती फक्त देवाला दिसते, माणसाने त्यात पडूच नये. मला दोन्ही पटत नाही. बाहेर काहीच दिसणार नसेल तर मग बदललं काय? आणि खरं सांगू का, मी इतकी वर्षं विश्वासात आहे, तरी अजून घरी मुलांवर भडकते, त्यामुळे कुणी म्हणालं की पवित्रता चेहऱ्यावर दिसते की मी मान खाली घालून बसते. कृपया स्पष्ट सांगा. – एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. ते मान खाली घालायचं वाचून वाईट वाटलं, त्याच्याकडे येतेच, पण आधी सरळ उत्तर देऊन टाकते. हो, पवित्रपण दिसतं. दिसायलाच पाहिजे. फक्त ते पाच मिनिटांत दिसत नाही, आणि लांबून बघणाऱ्याला तर जवळजवळ दिसतच नाही. ते दिसतं सोबत राहणाऱ्याला, हाताखाली काम करणाऱ्याला, ज्याचं आपल्यावाचून अडलंय त्याला, आणि तेही बराच काळ गेल्यावर.

तुमच्या मंडळीतल्या वडिलांच्या मनात बहुतेक बायबलमधलं 1 शमुवेल 16:7 असणार, माणूस बाहेरचं स्वरूप बघतो पण परमेश्वर हृदय बघतो. वचन खरंच आहे, पण ते कुठल्या प्रसंगी आलंय ते बघा ना. शमुवेल इशायाच्या घरी नवा राजा अभिषेक करायला गेलाय, थोरला अलियाब समोर येतो, उंचापुरा, देखणा, आणि शमुवेलाला वाटतं झालं, हाच तो. आयुष्यभर देवाची वाणी ऐकलेला एवढा अनुभवी संदेष्टा, तोसुद्धा उंची बघून फसला. म्हणजे पाच मिनिटांत ओळखतो म्हणणाऱ्यांना खरं तर हे वचन उत्तर आहे. पण त्याच अध्यायात पुढे 18 व्या वचनात शौल राजाचा एक सेवक दावीदाबद्दल सांगतो की मी इशायाचा एक मुलगा पाहिलाय, तो वाजवण्यात निपुण आहे, शूर आहे, बोलण्यात चतुर आहे, आणि परमेश्वर त्याच्याबरोबर आहे. या सेवकाचं नावसुद्धा दिलेलं नाही, तो संदेष्टा नाही की याजक नाही, तरी त्याला ते दिसलं. त्यामुळे देव हृदय बघतो यावरून माणसाला काहीच कळत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा एवढंच मी म्हणेन.

प्रभू येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात तर दोन्ही बाजू शेजारी शेजारी आहेत. मत्तय 5:16 मध्ये तो म्हणतो तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या म्हणजे ते तुमची सत्कर्मं बघतील, आणि लगेच सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हणतो की लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका, दान गुप्तपणे द्या, दार लावून प्रार्थना करा, उपास करताना तोंड धुवा डोक्याला तेल लावा म्हणजे कुणाला कळणार नाही. वाचणाऱ्याला वाटतं अरे हे उलटसुलट आहे. पण 5:16 चं वाक्य पूर्ण वाचलं की उलगडा होतो, लोकांनी बघावं आणि स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. आता विचार करा, ज्या तीन गोष्टी त्याने लपवायला सांगितल्या, दान, प्रार्थना आणि उपास, त्यातल्या दोन तर तुमच्या मंडळीत सध्या लोक मोजतायत! ज्या गोष्टी लपवायच्या त्यांच्यावरून ओळख ठरवायला लागलो तर काय होणार, ज्याने प्रभूचं ऐकून खोलीचं दार लावलं तो बिचारा नापास आणि ज्याने नाही ऐकलं तो पास.

कपड्यांचं आणि सोन्याचं म्हणाल तर मी साधेपणाच्या विरोधात अजिबात नाही. पेत्रानेही लिहिलंय की शोभा बाहेरची नको, आतली हवी, सौम्य आणि शांत आत्म्याची (1 पेत्र 3:3-4). मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्लींनी 1743 मध्ये आपल्या लोकांसाठी नियम लिहून दिले त्यातही सोनं आणि महागडे कपडे घालू नका असं होतं. पण त्याच यादीत आणखी काय होतं? जकात न भरलेला माल विकत घेऊ नका, विकू नका. अवाजवी व्याज घेऊ नका. भावाने भावाविरुद्ध कोर्टात जाऊ नका. दारू नको, भांडणं नकोत, प्रेमाला सोडून किंवा निरर्थक बोलणं नको. आता सोन्याचा नियम लोकांना पाठ असतो आणि कर चुकवलेल्या मालाचा नियम कुणाला आठवतही नाही, कारण एक लांबून दिसतो आणि दुसरा बघायला माणसाच्या व्यवहारात डोकवावं लागतं. साधे कपडे घालणारा माणूस पवित्र असेलही, पण ते कपड्यांवरून कळणार नाही.

मग बघायचं कुठे? मला स्वतःला लेवीय 19 फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातच अशी आहे की मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा. आता एवढं मोठं वाक्य झाल्यावर आपल्याला वाटेल पुढे काहीतरी फार आध्यात्मिक येणार. आणि येतं काय, शेताच्या कडेचं पीक कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना गरिबाकडे झुकू नका आणि मोठ्याचं तोंड बघून निकाल देऊ नका. चहाड्या करत फिरू नका. मापात खोटं करू नका. मूर्तींचं, शब्बाथाचं, अर्पणांचंही आहे त्यात, नाही असं नाही, पण बघा ना, बहिऱ्याला शिवी दिली तर त्याला ऐकू येणार नाही, आंधळ्याला कुणी दगड ठेवला ते दिसणार नाही, मजूर दुसऱ्या दिवशीही कामावर येणार कारण त्याला गरज आहे. म्हणजे जिथे आपण सहज सुटू शकतो, जिथे समोरचा काही करू शकत नाही, नेमकं तिथे देव पवित्रपण शोधतोय. घरात काम करणाऱ्या बाईला ठरलेल्या दिवशी न मागता पैसे मिळतात का, हा प्रश्न मला प्रार्थना किती तास केली यापेक्षा जास्त सांगतो.

एक प्रसंग सांगते. एका मंडळीत एक काका खजिनदार होते. स्वभावाने अबोल, सगळ्यांसमोर प्रार्थना करायला सांगितली तर दोन वाक्यांत अडखळून आमेन म्हणायचे, त्यामुळे त्यांना आत्मिक वगैरे कुणी समजायचं नाही. पण दानपेटी एकट्याने कधी उघडायचे नाहीत, घाई असली, पाऊस असला तरी कुणीतरी शेजारी बसेपर्यंत थांबायचे, नोटा मोजून वहीत लिहायचे आणि त्या माणसाची सही घ्यायचे. एकदा मीटिंगमध्ये एका भावाने सगळ्यांसमोर उठून म्हटलं की एवढे एवढे पैसे हिशोबात दिसत नाहीत, आणि ज्या सुरात म्हटलं त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मी त्या मीटिंगला होते. काकांचा चेहरा लाल झाला, हात थरथरत होते, पण त्यांनी वही उघडली आणि बोट ठेवत ठेवत एकेक ओळ वाचायला सुरुवात केली, आवाज न चढवता, पार शेवटपर्यंत. तेव्हा लक्षात आलं की मंडपवाल्याला द्यायला म्हणून ते पैसे त्या भावानेच उचल म्हणून घेतले होते आणि पावती द्यायची राहून गेली होती. काका म्हणाले, मिळाला ना हिशोब, बरं झालं, आणि तिथेच नोंद करून टाकली. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना ओळखत होते, त्या माणसाबद्दल त्यांच्या तोंडून एक वाकडा शब्द ऐकला नाही, उलट त्या भावाच्या घरी आजारपण आलं तेव्हा रात्री दवाखान्यात थांबायला काकाच गेले. गलती 5:22-23 मध्ये आत्म्याचं फळ दिलंय ना, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, त्यातली सहनशीलता कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं. कुणी त्रास दिल्याशिवाय सहनशीलता दिसणार कशी, हातात दुसऱ्याचे पैसे आल्याशिवाय विश्वासूपणा दिसणार कसा, आणि म्हणूनच ते पाच मिनिटांत ओळखायचं मला मान्य नाही.

रडणं, थरथरणं, हात वर करणं याबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1740 च्या दशकात अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात मोठं संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं, लोक सभांमध्ये रडत, ओरडत, खाली पडत, आणि चर्चमध्ये दोन तट पडले, काही म्हणाले हे शंभर टक्के देवाचं काम, काही म्हणाले सगळं ढोंग. जोनाथन एडवर्ड्स स्वतः त्या संजीवनातले मोठे उपदेशक, त्यांनी 1746 मध्ये नेमक्या याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की भावना तीव्र आहेत, शरीरावर परिणाम झाला, वचनं भराभर आठवतात, देवाबद्दल भरभरून बोलतो, यावरून काम आत्म्याचं आहे असंही सिद्ध होत नाही आणि नाही असंही सिद्ध होत नाही. मग खरी चिन्हं म्हणून त्यांनी 12 गोष्टी दिल्या आणि शेवटची, जिच्यावर सगळ्यात जास्त पानं खर्च केली, ती म्हणजे आचरण, रोजच्या जगण्यात टिकून राहिलेलं. त्यामुळे कुणी रडत असेल तर रडू द्या, त्याला नावंही ठेवू नका आणि त्यावरून मोठंही करू नका.

आता एक कठीण गोष्ट, पण ती टाळून चालणार नाही. माणसं फसतात, आणि फार वाईट फसतात. जॉं व्हानिए यांनी 1964 मध्ये फ्रान्समध्ये लार्श ही संस्था सुरू केली, मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या लोकांसोबत एका घरात राहण्याचं काम, जगभर पसरलं, आणि व्हानिएंना जिवंत संत म्हणणारे हजारो होते. 2019 मध्ये ते गेले आणि 2020 मध्ये त्यांच्याच संस्थेने चौकशी करून जाहीर केलं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. हे वाचून खूप लोक हादरले, आणि कितीतरी जणांनी म्हटलं की मग कुणाचंच काही कळत नाही. पण ज्या स्त्रियांना ते सोसावं लागलं त्यांना तर कळत होतं ना. बंद दाराआड त्या माणसाची सत्ता ज्यांच्यावर चालली त्यांना माहीत होतं, आणि जगाला माहीत होतं ते व्यासपीठावरचं. म्हणून कुणी पवित्र आहे असं म्हणायचं असेल तर व्यासपीठासमोर बसलेल्यांना विचारून उपयोग नाही. कॅथलिक चर्चमध्येसुद्धा कुणाला संत घोषित करण्याची प्रक्रिया सुरू करायला साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षं थांबतात, आणि ज्यांनी त्या व्यक्तीला जवळून बघितलं त्यांच्या साक्षी घेतात. आपण प्रॉटेस्टंट असलो तरी हे थांबणं आणि विचारणं मला शहाणपणाचं वाटतं.

मग आपण सगळ्यांना तपासत बसायचं का, तर नाही, आणि इथे तुमच्या त्या वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मत्तय 7 च्या सुरुवातीला दोष काढू नका असं आहे आणि त्याच अध्यायात फळांवरून ओळखाल असंही आहे. फळांचं कुणाबद्दल म्हटलंय? 15 वं वचन बघा, खोट्या संदेष्ट्यांबद्दल, मेंढरांच्या वेषात कळपात शिरणाऱ्यांबद्दल. म्हणजे जो पुढे उभा राहून लोकांना वाट दाखवणार त्याला तपासायचं. पौलानेही 1 तीमथ्य 3 मध्ये तपासणीची यादी दिली ती मंडळीतले पदाधिकारी म्हणजे अध्यक्ष आणि सेवक यांच्यासाठी, द्रव्यलोभी नसावा, तंटेखोर नसावा, घर नीट चालवणारा असावा आणि बाहेरच्या लोकांनीही त्याच्याबद्दल चांगलं बोलावं. बाहेरच्या लोकांनी, म्हणजे ज्यांना आपलं हालेलूया ऐकायला मिळत नाही, फक्त व्यवहार दिसतो त्यांनी! पण शेजारच्या बाकावर बसलेली बहीण किती पवित्र आहे हे ठरवायचं काम आपल्याला कुणी दिलेलंच नाही. तुमच्या मंडळीत उलटं झालंय असं मला वाटतं, जे वक्ते आले त्यांना कुणी तपासलं नाही आणि बाकावरचे एकमेकांना तपासतायत.

आता तुमचं. ताई, तुम्ही मुलांवर भडकता हे तुम्हाला टोचतंय ही गोष्ट छोटी समजू नका. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट शिकवण प्रश्न-उत्तरांत मांडणाऱ्या पुस्तकात, 114 वा प्रश्न आहे की देवाकडे वळलेली माणसं आज्ञा पूर्णपणे पाळू शकतात का, आणि उत्तर आहे की नाही, अत्यंत पवित्र माणसांचीसुद्धा या आयुष्यात आज्ञापालनाची फक्त छोटी सुरुवात झालेली असते. पण लगेच पुढे म्हटलंय की ती सुरुवात अशी असते की काही आज्ञांप्रमाणे नाही तर सगळ्याच आज्ञांप्रमाणे जगायचं ते मनापासून ठरवतात. तर मी तुम्हाला विचारेन, भडकल्यानंतर काय होतं? पूर्वी दोन दोन दिवस अबोला धरत असाल आणि आता त्याच संध्याकाळी मुलाजवळ जाऊन मघाशी मी उगाच ओरडले रे म्हणत असाल, तर ते तुमच्या मुलाला दिसतंय. नसाल म्हणत तर आजपासून म्हणा. पण जीभ कापते मुलांना, हेही खरं, याकोबाने तिसरा अध्याय उगाच नाही लिहिला, त्यामुळे चालायचंच म्हणून सोडूही नका. कशाने भडकता, कुठल्या वेळी, थकलेल्या असता का, ते बघा, घरातल्या कामात हात मागा, प्रार्थनेत नेमकं तेच नाव घेऊन बोला.

आणि चेहऱ्याचं म्हणाल तर शास्त्रात ज्याचा चेहरा खरोखर तेजस्वी झाला तो मोशे, निर्गम 34:29, तिथे स्पष्ट लिहिलंय की त्याला स्वतःला ते माहीतच नव्हतं. मत्तय 25 मध्ये न्यायाच्या वेळी उजवीकडे ठेवलेले नीतिमान लोकसुद्धा विचारतात, प्रभू, आम्ही कधी तुला भुकेला बघितलं? आणि प्रभूच्या दाखल्यात (लूक 18) मंदिरात स्वतःच्या पवित्रपणाचा पूर्ण हिशोब ज्याच्याकडे होता तो परुशी, म्हणजे कडक धर्माचरणी माणूस, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, जो वर बघायलाही तयार नव्हता.

प्रश्न : माझ्या ऑफिसमध्ये एक सहकारी आहेत, ते ख्रिस्ती नाहीत, पण आमच्या चर्चमधल्या कितीतरी लोकांपेक्षा शांत, प्रामाणिक आणि दुसऱ्यासाठी झटणारे आहेत. मग पवित्रता फक्त विश्वासणाऱ्यांमध्ये असते हे कसं समजायचं? – एक तरुण वाचक

उत्तर : त्यांचा चांगुलपणा खरा आहे, तो खोटा ठरवायला जाऊ नकोस. प्रत्येक उत्तम देणगी वरून येते असं याकोब 1:17 मध्ये आहे, आणि यहूदी नसलेल्या रोमी शताधिपतीला (शंभर सैनिकांच्या अधिकाऱ्याला) बघून प्रभू येशूला स्वतःला आश्चर्य वाटलं, एवढा विश्वास इस्राएलातही मिळाला नाही म्हणाला. पवित्रपण म्हणजे मुळात देवाचं होऊन जगणं, ते नुसत्या शांत स्वभावाने मोजता येत नाही, काहीजण जन्मतःच शांत असतात आणि काहीजण वादळी घरातून येतात, त्यांनी गाठलेलं अंतर आपल्याला दिसत नाही. पण त्या सहकाऱ्यांपुढे चर्चमधली माणसं कमी पडतायत हे तुला दिसलंय, ते चर्चमध्ये बोल. आणि त्यांच्याशी मैत्री कर, मनापासून.

प्रश्न : आमच्या पाळकांच्या पैशाच्या व्यवहाराबद्दल काही जणांना शंका आहे. विचारलं तर सांगतात की देवाच्या अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्या माणसाला) हात लावू नका. विचारणं पाप आहे का? – नाव छापू नये

उत्तर : नाही, पाप नाही. ते वचन स्तोत्र 105:15 मधलं आहे आणि तिथे विषय आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा, ते परक्या देशांत भटकत असताना देवाने राजांना बजावलं की यांना इजा करू नका. हिशोब विचारण्याचा तिथे संबंधच नाही. दावीदाने शौलाला अभिषिक्त म्हणून मारलं नाही हे खरं, पण गुहेतून बाहेर येऊन हाक मारून त्याला जाब विचारलाच (1 शमुवेल 24). आणि पौल प्रेषित, त्याच्याहून मोठा अभिषिक्त कोण असणार, तो यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी घेऊन जाताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत नेतो, आणि 2 करिंथ 8:20-21 मध्ये कारणही सांगतो की आमच्यावर कुणी दोष ठेवू नये, आम्ही प्रभूच्याच नाही तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करायला बघतो.

तर असं करा. आधी अफवा बंद करा, ग्रुपवर काही टाकू नका. 1 तीमथ्य 5:19 प्रमाणे दोघा तिघांनी मिळून जा, ज्यांना मंडळीत मान आहे असे, आणि नेमका कुठला व्यवहार, कुठली तारीख, कुठली रक्कम ते कागदावर लिहून न्या. आदराने विचारा, हिशोब तपासणीसाची मागणी करा. कदाचित शंका चूक असेल, मग त्यांचं नाव ज्यांच्या ज्यांच्यासमोर निघालं त्या सगळ्यांना तसं जाऊन सांगायची जबाबदारी तुमची. हिशोब द्यायचंच टाळलं तर तुमच्या पंथाची जी वरची समिती असेल तिच्याकडे लेखी द्या, आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.